सियाचीनवरून फौज खाली आणावी का?

गंगावेस_कट्टा

रविवारी गावी गेलो होतो, गडहिंग्लज तालुक्यात. आमचे चुलते, त्यांना सगळे आबाच म्हणतात, मराठा लाइट इन्फंट्रीतून नायक म्हणून निवृत्त झाले त्याला वीसेक वर्षं झाली. पहाटे गोठ्यात धार काढत बसले होते. लहानपणापासून बघतोय, पण नीट बघितलं ते परवा. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्हींची शेवटची पेरं नाहीत. त्यामुळं डाव्या हाताची मूठ आचळावर पुरती आवळत नाही. उजवीकडं ते मुठीनं धार काढतात आणि डावीकडं अंगठा नि दोन बोटांच्या चिमटीनं. बादलीत आवाजही दोन तऱ्हेचे पडतात, एक भरदार, एक बारीक. म्हशीला सवय झालीय. दुसरं कोण बसलं तर लाथ झाडते.

ती दोन पेरं नव्वदच्या दशकात सियाचीनला राहिली.

मी सहज विचारलं, "आबा, तिथली फौज खाली आणली तर?" धार न थांबवता म्हणाले, "आणा की. कोण नगं म्हणतंय? पर आमी हुबं हुतो तितं आदी खुंट्या मारा."

ज्यांना भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९४९ साली कराचीत भारत आणि पाकिस्ताननं युद्धबंदी रेषा कागदावर आखली. ती एनजे ९८४२ नावाच्या बिंदूपाशी आणून सोडली आणि पुढं लिहून टाकलं, तिथून उत्तरेकडं हिमनद्यांपर्यंत. बस्स. त्या बर्फात मरायला कोण जातंय, असा दोघांचाही हिशेब. १९७२ च्या सिमला करारानंतर नियंत्रण रेषा ठरली, तीही तिथंच थांबली. आपण म्हणतो उत्तर म्हणजे उत्तर, साल्तोरो रांगेच्या माथ्यानं. ते म्हणतात रेघ काराकोरम खिंडीकडं वळते, म्हणजे ७६ किलोमीटरची अख्खी हिमनदी त्यांची. १३ एप्रिल १९८४ ला, ऐन बैसाखीला, 'ऑपरेशन मेघदूत'मध्ये आपली फौज चढली, बिलाफोंड ला आणि सिया ला या खिंडी धरल्या, ती अजून वरच आहे.

माझं मत सरळ सांगतो. खाली आणावी. २००३ च्या नोव्हेंबरातल्या युद्धबंदीपासून तिथं तोफा जवळजवळ गप्प आहेत, माणसं मात्र मरतायत. सरकारनं संसदेत दिलेला २०१५ पर्यंतचा आकडा ८६९ होता. गोळीनं गेले त्यापेक्षा बर्फानं नि विरळ हवेनं नेलेले जास्त. पण खाली आणायच्या आधी खुंट्या. तुमचं काय?

माजी_हवालदार

आबांना आधी राम राम सांगा. मीही तिथं एक टर्न केलाय, म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजतो.

तुमच्याशी सहमत नाही. कारगिलला काय होतं? हिवाळ्यात दोन्ही बाजूंनी उंचावरच्या चौक्या सोडून खाली यायची रीत होती. लेखी नाही, पण होती. १९९९ ला ते आले आणि आपल्या रिकाम्या चौक्यांत बसले. त्या परत घ्यायला ५२७ पोरं गेली. आणि कारगिलची उंची सियाचीनपुढं काहीच नाही.

दुसरं, नकाशा काढून बघा. साल्तोरोचा माथा आपल्याकडं आहे, पण त्या माथ्याला त्यांचे रस्ते जवळ आहेत. आपल्याला बेस कॅम्पपासून हिमनदीवरून दोरीला बांधून दिवसेंदिवस चालत जावं लागतं नाहीतर चीता हेलिकॉप्टर. दोघेही खाली उतरले आणि उद्या कुणाची नियत फिरली तर वर आधी कोण पोचणार? हिशेब करा.

तिसरं. १९८७ च्या जूनमध्ये नायब सुभेदार बाना सिंग बर्फाची उभी भिंत चढून गेले आणि २१ हजार फुटांवरची पाकिस्तानची 'कायद' चौकी घेतली. परमवीर चक्र मिळालं, चौकीला नाव मिळालं 'बाना पोस्ट'. अशी चौकी सहीवर सोडायची? कुणाच्या सहीवर?

तांबडा_पांढरा

हवालदार साहेब, करेक्ट. पहलगामला २२ एप्रिल २०२५ ला २६ माणसं मारली. आपल्या महाराष्ट्रातलीही होती त्यात. आणि इथं लोक फौज खाली आणायची चर्चा करतायत. कसली शांतता? उलट आणखी पुढं जायला पाहिजे.

पंचगंगाकाठ

'पुढं' म्हणजे साल्तोरोच्या पलीकडं २० हजार फुटांवरून उतरत खाली पाकिस्तानच्या ताब्यातल्या बाल्टिस्तानात. भावा, रंकाळ्याला एक चक्कर मारून ये, मग बोलू.

मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो, त्यामुळं थोडं लांबणार. माफी आधीच मागतो.

हा प्रश्न कधीच सुटण्यासारखा नव्हता असं जे वातावरण आहे ते चूक आहे. १९८९ च्या जूनमध्ये संरक्षण सचिवांच्या पाचव्या फेरीत संयुक्त निवेदन निघालं होतं: फौजा अशा हलवायच्या की संघर्षाची शक्यता कमी होईल, आणि जमिनीवरच्या पुढच्या जागा सिमला कराराला धरून ठरवायच्या. राजीव गांधी इकडं, बेनझीर भुट्टो तिकडं. निवेदनाची शाई वाळायच्या आत दोन्ही राजधान्यांनी त्याचे वेगवेगळे अर्थ लावले. १९९२ ला परत जवळ आले, परत मागं. १२ जून २००५ ला मनमोहन सिंग स्वतः सियाचीनला गेले, असं जाणारे पहिले पंतप्रधान, आणि हा शांततेचा पर्वत व्हावा म्हणाले. २०१२ च्या जूनमध्ये रावळपिंडीत तेरावी फेरी झाली. तेरा फेऱ्या! आणि अडलं प्रत्येक वेळी एकाच जागी, आबा ज्याला खुंट्या म्हणतात तिथं. आपलं लष्कर म्हणतं, सध्या कोण कुठं उभा आहे ती ११० किलोमीटरची प्रत्यक्ष ताब्याची रेषा आधी नकाशावर मांडा, दोघांनी सह्या करा, मग उतरू. पाकिस्तान म्हणतं, सही केली म्हणजे तुमचं १९८४ चं चढणं आम्ही मान्य केलं.

म्हणजे हवालदार साहेब आणि धागाकर्ते यांच्यात खरं तर फार अंतर नाही. दोघांनाही कागद हवाय. एकाला वाटतं कागद मिळेल, दुसऱ्याला वाटतं मिळणार नाही.

माजी_हवालदार

सर, अंतर आहे. मिळाला तरी मी उतरणार नाही. कागद कारगिलच्या आधीही होता. फेब्रुवारी १९९९ मध्ये लाहोरला सह्या झाल्या, तेव्हा त्यांची माणसं डोंगर चढत होती.

गंगावेस_कट्टा

हवालदार साहेब, लाहोरचा मुद्दा मान्य. त्याला माझ्याकडं उत्तर नाही, प्रामाणिकपणे सांगतो.

पण खुंट्यांचं थोडं फोडून सांगतो, कारण आबा आणि मी नंतर त्यावरच बोललो. आमच्या बांधाला लागून एक जण आहे, नाव कशाला घ्या. दरवर्षी नांगराचं एक तास, म्हणजे एक रेघ, बांधात घालतो. वीतभर, दीड वीत. दहा वर्षांत बांधावरचं आंब्याचं झाड त्याच्या शेतात गेलं. चालत नाही गेलं, बांध सरकला. पंचायतीत बसलो, पाया पडणं झालं, शिव्या झाल्या. शेवटी मोजणी आणली. भूकरमापक आला, खुणा केल्या, दोघांच्या सह्या झाल्या, मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत हातात आली. आता तो काय सज्जन झाला असं नाही. अजूनही नांगर बांधापाशी आला की त्याचा हात वळवळतो. पण आता वीतभर सरकला तर ते वीतभर सरकणं दिसतं. आधी दिसतच नव्हतं, फक्त भांडण दिसायचं.

आबा म्हणतात तिथं वर ती 'क' प्रतच नाही. १९४९ च्या मोजणीदारानं शेवटच्या खुणेपाशी हात झाडले नि घरी गेला.

निपाणीकर

कोल्हापूरकर, तुमचा धागा वाचून मला हसू आलं आणि मग रागही आला.

एक देश, दोन राज्यं, एकच सर्वोच्च न्यायालय. १९५६ पासून आम्ही सीमाभागात लटकलोय. १९६७ ला महाजन आयोगाचा अहवाल आला, त्यात निपाणी, खानापूर महाराष्ट्राला आणि बेळगाव कर्नाटकात असं होतं. महाराष्ट्रानं नाकारला. २००४ ला दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. तेव्हा जन्मलेलं पोरगं आता नोकरीला लागलं. आणि तुम्ही २० हजार फुटांवरच्या खुंट्या मारायला निघालात! आधी कोगनोळीच्या टोलनाक्यावर मारून दाखवा.

पंचगंगाकाठ

तुलना थोडी ताणलेली आहे. तुमच्या वादात हद्द कुठं आहे यावर कुणाचंच दुमत नाही, ती कुठं असायला हवी यावर भांडण आहे. मोजणी झालेली आहे, वाटणी मान्य नाही. सियाचीनला मोजणीच नाही.

निपाणीकर

सर, तुमचं बरोबर असेल. मला एवढंच म्हणायचंय की रेघ आहे तरी जगता येतं का, हा प्रश्न आम्हाला विचारा. सकाळी बस धरून मी कोल्हापूरला येतो, हद्द कधी गेली तेही कळत नाही, कंडक्टरशी कन्नडातनं बोलतो नि दुकानात मराठीतनं. मग १ नोव्हेंबर येतो, काळा दिवस, कुठंतरी बसला काळं फासतात, एसटी कागलच्या पुढं येत नाही, आणि रेघ एकदम दिसायला लागते. रेघेचा त्रास रेघेमुळं होत नाही, ती कधी दिसेल याचा नेम नसतो त्यानं होतो.

आणि २०१६ च्या फेब्रुवारीत हिमकडा कोसळून मद्रास रेजिमेंटचे दहा जवान सियाचीनवर गाडले गेले. त्यातले लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी पंचवीस-तीस फूट बर्फाखाली जिवंत सापडले. धारवाड जिल्ह्यातले. ११ फेब्रुवारीला दिल्लीत गेले. तेवढे दिवस आमच्या इथं चौकात मराठी-कानडी सगळे एकाच टीव्हीसमोर उभे होते. त्यात काही मोठं सांगायचं नाही, आठवलं म्हणून लिहिलं.

पहाटेची_रनिंग

मी भरतीची तयारी करतोय. सैनिक टाकळीच्या बाजूचा आहे, शिरोळ तालुका. आमच्याकडं घरटी एक फौजी म्हणतात ते खोटं नाही. वाचतोय सगळं. एक विचारू का, तिथं वर माणूस मुक्काम किती दिवस करतो? कुणी सहा महिने म्हणतं, कुणी वर्ष.

माजी_हवालदार

अगदी वरच्या चौकीवर साधारण तीन महिने. त्याच्या आधी टप्प्याटप्प्यानं उंचीची सवय करून घेतात, लगेच कुणाला चढवत नाहीत. घाई केलेला माणूस फुप्फुसात पाणी होऊन जातो. तुझ्या वयात सगळ्यांना वाटतं आपल्याला काय होतंय. तालमीतल्या पैलवानालाही होतं. दम आणि उंची यांचा संबंध नाही.

बेस कॅम्पला ओपी बाबाचं, म्हणजे फौजी ज्याला तिथला राखणदार मानतात त्या जवानाचं, मंदिर आहे. वर जाताना तिथं रिपोर्ट द्यायचा, उतरल्यावर परत द्यायचा. अधिकारीसुद्धा देतात. मी देवधर्म फार करणारा माणूस नाही, पण दिला.

तांबडा_पांढरा

विषय सोडून कुठं चाललात सगळे? मुद्दा एवढाच आहे, समोरचा विश्वासाच्या लायकीचा आहे का? पहलगामनंतर ते सिमला करारच बासनात ठेवायची भाषा करायला लागले. आपण सिंधू पाणीवाटप करार स्थगित केला. ७ मे ला ऑपरेशन सिंदूर, १० मे ला तोफा थांबल्या. ज्या सिमला कराराच्या आधारे सर म्हणतायत जागा ठरवायच्या, तोच करार ते मानत नाहीत. मग सही कुठल्या कागदावर घेणार?

पंचगंगाकाठ

या वेळी तुमचा मुद्दा बिनतोड आहे. रागावर लिहिलंत पण नेमकं लिहिलंत. खरी अडचण तीच आहे आणि तिला बगल देऊन कुणी शांततेच्या गप्पा मारत असेल तर तो वेळ घालवतोय.

तरीही दोन उदाहरणं. दोन्ही आपलीच, बाहेरची नाहीत.

कच्छचं रण. १९६५ च्या एप्रिलात तिथं चकमकी झाल्या. पुढं मोठं युद्ध झालं, पण रणाचा वाद त्याच्या आधीच लवादाकडं द्यायचं ठरलं होतं. तीन जणांचा लवाद बसला, १९ फेब्रुवारी १९६८ ला निकाल आला. पाकिस्ताननं मागितलेल्यापैकी साधारण दहावा हिस्सा त्याला मिळाला, नव्वद टक्के आपल्याकडं राहिला. आपल्याकडं केवढा गहजब! समाजवादी आणि जनसंघ दोघांनी सत्याग्रह केले. आपले मधू लिमये त्या वादात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पण रेघ आखली गेली, खांब रोवले गेले, आणि त्या टापूवरून दोन्ही देश परत लढले नाहीत. खाडीचा तुकडा, सर क्रीक, राहिला, तो आजही कुरकुरतोय. म्हणजे जिथं खांब लागले तिथं शांत, जिथं राहिले तिथं वाद. अगदी आबांचं गणित.

दुसरं बांगलादेश. कूचबिहारच्या बाजूला एकमेकांच्या पोटात अडकलेली १६२ छीटमहाल, आपले १११ त्यांच्याकडं, त्यांचे ५१ आपल्याकडं. इंदिरा गांधी आणि मुजीब यांनी १९७४ ला करार केला. अंमल झाला ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री. ४१ वर्षं! राज्यघटनेची शंभरावी दुरुस्ती करावी लागली, आणि ती केली ती कुठल्या 'मवाळ' सरकारनं नव्हे. कागद ४१ वर्षं पडून होता, पण होता. म्हणून वेळ आल्यावर कामाला आला.

माजी_हवालदार

रणात चिखल आणि मीठ. तिथं बसून कुणी कुणाला वरून बघत नाही. सर, जमीन आणि माथा यात फरक आहे. माथा सोडला की खालचं सगळं सोडलं. त्या माथ्याच्या उत्तरेला शक्सगाम खोरं आहे, १९६३ ला पाकिस्ताननं परस्पर चीनला देऊन टाकलेलं, पाच हजार चौरस किलोमीटरच्या वर. पूर्वेला देपसांग, दौलत बेग ओल्डी, चीनला लागून. २०२० च्या जूनमध्ये गलवानला चीनशी झटापटीत २० जवान गेले. सियाचीनवर आपण आहोत म्हणून पाकिस्तान नि चीन तिथं एकमेकांना हात मिळवू शकत नाहीत. हा दोघांचा बांध नाही राहिला, तिघांचा आहे. मोजणीला तिसऱ्यालाही बोलवायचं का?

गंगावेस_कट्टा

हा मुद्दा मी आधी धरलाच नव्हता. आबांनीही नाही. त्यांच्या वेळेला समोर एकच होता.

कागलची_सून

माझा भाऊ सैन्यात आहे म्हणून इथं लिहायला हात जड जातोय, तरी लिहिते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही लडाखला गेलो होतो, नुब्रातून पुढं तुर्तुकला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे गाव १९७१ च्या डिसेंबरपर्यंत पाकिस्तानच्या ताब्यात होतं. युद्धात आपल्या फौजेनं घेतलं. एका रात्रीत देश बदलला. माणसं तीच, बाल्टी बोलणारी. गल्लीतनं पाण्याचे पाट वाहतात, अंगणात पत्र्यावर जर्दाळू वाळत घातलेले. ज्या घरी आम्ही उतरलो तिथल्या आजींनी मला मूठभर जर्दाळूच्या बिया दिल्या, फोडून खा म्हणाल्या, बदामासारख्या लागतात. त्यांचा थोरला भाऊ त्या रात्री पलीकडच्या गावात होता. तो तिकडंच राहिला. नंतर एकदा फक्त फोटो आला. पलीकडचं गाव कुठं म्हणून विचारलं तर त्यांनी हनुवटीनं डोंगर दाखवला. बोटानं नाही दाखवला, हनुवटीनं, आपल्याकडं शेजाऱ्याचं घर दाखवतात तसा.

मी परत आल्यावर भावाला फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, ताई, तुझी आजी खरी आहे, पण मला तिथं उभं राहायला लागलं तर मी डोंगराच्या माथ्यावरच उभा राहीन, पायथ्याला नाही. दोघांचंही पटतं आणि त्यातनं वाट काय काढायची ते कळत नाही. त्यांचीही माणसं मरतात हो. ७ एप्रिल २०१२ ला गयारीला त्यांचा अख्खा तळ हिमकड्याखाली गेला, १४० माणसं. बरीचशी तिथलीच, बाल्टिस्तान-गिलगिटकडची.

माजी_हवालदार

ताई, गयारीच्या वेळी आमच्यातल्या कुणालाही आनंद झाला नव्हता. बर्फ कसा पडतो ते ज्यानं बघितलंय त्याला होत नाही. त्यानंतर त्यांचे सेनाप्रमुख कयानी स्वतः म्हणाले होते की हा प्रश्न सोडवायला पाहिजे, फौजा हटवायला पाहिजेत. दोन महिन्यांनी रावळपिंडीची फेरी झाली, सरांनी वर सांगितलीच. त्यात काय केलं? सही नाही म्हणाले. म्हणजे स्वतःची १४० माणसं गाडली गेल्यावरसुद्धा नाही.

पंचगंगाकाठ

कारण त्यांच्या बाजूनं बघा. न्याय देण्यासाठी नव्हे, समजण्यासाठी. सत्तरच्या दशकात त्या शिखरांवर चढायचे परवाने परदेशी गिर्यारोहकांना पाकिस्तान देत होतं. काही अमेरिकन नकाशांत रेघही काराकोरम खिंडीकडं दाखवलेली होती. कर्नल नरेंद्र 'बुल' कुमार १९७८ ला तिथं मोहीम घेऊन गेले ते हे नकाशे बघून शंका आली म्हणूनच. आपल्या गावच्या भाषेत, त्यांचं म्हणणं 'वहिवाट आमची होती', आपलं म्हणणं 'सातबाऱ्यावर तुमचं नाव कुठंय?' आणि सातबारा तर कुणाच्याच नावाचा नाही, त्या ओळीत फक्त 'हिमनद्यांपर्यंत' लिहिलंय. त्यांनी सही केली तर १९८४ ला आपण गाफील राहिलो हे त्यांच्या फौजेला त्यांच्याच लोकांपुढं लिहून द्यावं लागतं. तिथं फौज किती मोठी असामी आहे ते सांगायला नको.

यावर एक उपाय सुचवला जातो. सह्या मूळ करारावर नकोत. जागांची यादी परिशिष्टात जोडायची, आणि त्यात लिहायचं की या यादीनं कुणाचाही हक्क सिद्ध होत नाही. तलाठ्याकडं 'हरकत राखून' सही करतात तसं. वर उपग्रहावरून दोघांनी नजर ठेवायची.

माजी_हवालदार

उपग्रह बघंल हो. चढून कोण जाईल?

तांबडा_पांढरा

😂 हवालदार साहेब, नाद खुळा.

निपाणीकर

हसा. पण या एका वाक्यात सगळा वाद आहे. सरांच्या परिशिष्टाला यावर उत्तर नाही.

पंचगंगाकाठ

पूर्ण उत्तर नाही, कबूल. अर्धं आहे. उतरणं एका दिवसात करायचं नाही. सगळ्यात उंच, सगळ्यात जास्त माणसं खाणाऱ्या चौक्या आधी, खिंडी शेवटी. प्रत्येक टप्प्यावर समोरच्यानं फसवलं तर आपण अजून खिंडीत आहोतच. आणि आज, २०२५ च्या मे नंतर, यातलं काहीच होणार नाही हेही मला माहीत आहे. बोलणारंच कुणी नाही. पण नियंत्रण रेषेवरच्या गोळीबाराचं तसंच होतं. २०२१ च्या फेब्रुवारीत दोन्हीकडच्या लष्करी कारवाई प्रमुखांनी फोनवर ठरवलं आणि काल वाजत असलेल्या तोफा आज थांबल्या. कुणालाही आदल्या दिवशी विचारलं असतं तर अशक्य म्हणाला असता. तेव्हा मसुदा तयार असावा, इतकंच माझं मागणं.

माजी_हवालदार

मसुदा करा, माझी हरकत नाही. कपाटात ठेवा. तोवर पोरं वर राहू द्या, आणि त्यांना चांगले बूट द्या. इथवर आपलं एकमत आहे असं धरू या. पुढचं नाही.

गंगावेस_कट्टा

धागा आबांना वाचून दाखवायचा होता, म्हणून काल परत गावी गेलो. संध्याकाळची धार चालली होती. मी मोबाइल धरून वाचत होतो, ते मान हलवत होते. हवालदार साहेबांचं 'चढून कोण जाईल' ऐकून हसले. म्हणाले, "कुठल्या पलटणीचा हाय? इचार." तिसऱ्याच्या बांधाचं वाचलं तेव्हा काहीच बोलले नाहीत, बादली उचलून बाजूला ठेवली आणि बराच वेळ म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "तिगाच्या बांधाची मोजणी म्या तर बगितली न्हाई बाबा."

शिरोळच्या पोराचं वाचलं तेव्हा मात्र थांबवलं. त्याला निरोप द्या म्हणाले. जसाच्या तसा देतो.

वर संत्री दगडासारखी होतात, हातोडीनं फोडून खायला लागतात. थंडीनं माणूस गोठतो हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून सगळे सांभाळतात. पण तिथं स्टोव्हवर बर्फ वितळवूनच पाणी मिळतं, आणि स्टोव्हला घासलेट लागतं. घासलेट त्या थंडीत गोठत नाही, पातळच राहतं, आणि बाहेरच्या हवेइतकंच गार असतं. कॅनमधून ओतताना टोपण घट्ट बसलेलं, हातमोज्यात पकड येईना, म्हणून आबांनी डावा मोजा काढला. चुळकाभर घासलेट दोन बोटांवर सांडलं. दुखलं नाही म्हणे. पुसून टाकलं आणि चहा ठेवला. दुसऱ्या दिवशी बोटं पांढरी, आठवड्यानं काळी.

"त्येला सांग, टोपान दातानं उगड, पर मोजा काढू नगंस."

माजी_हवालदार

दातानं नको, ओठ चिकटतात लोखंडाला. पक्कड ठेवायची जवळ. आबांना सांगा, पलटण पाच मराठा.

पहाटेची_रनिंग

पक्कड. लक्षात ठेवतो. आबांना आणि हवालदार काकांना नमस्कार. उद्या साडेपाचला सोळाशे मीटरचा टायमिंग आहे, झोपतो.